अमेरिकन कथा-कादंबरीतली पडझड, तुटलेपण आणि अबोला : काय वाचावं, कुठल्या क्रमाने?

निमशहरी :

नऊ जणांचा वाचनगट आहे. पंधरा दिवसांतून एक बैठक, दोन तासांची. पुढच्या आठ बैठकांचा विषय ठरलाय: आधुनिक अमेरिकन कथा-कादंबरीत घडी विस्कटत जाणं, माणसं तुटत जाणं आणि गप्प होत जाणं. इंग्रजी सगळ्यांना वाचता येतं, पण तासाला पंधरा-वीस पानांच्या वर कुणाचा वेग नाही. दोन बैठकांच्या मधे दोनशे पानांहून जास्त झेपणार नाहीत.

जाणकारांकडून हवंय ते असं:

१. काय घ्यावं आणि कुठल्या क्रमाने?
२. फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' घ्यायचं फार मनात आहे, पण पहिल्याच भागात लोक गळतात असं ऐकलंय. काही युक्ती?
३. एखादी कथा मराठीत करून मोठ्याने वाचावी म्हणतोय. कुठली? कायद्याने चालतं का?
४. 'कॅचर इन द राय' आणि 'कोसला' समोरासमोर ठेवून बघावं का?

नुसती नावं देऊ नका, कृपया. कुठे अडतं तेही सांगा.

---

पेन्सिलवाला :

यादीच्या आधी एक काम करा. 'सायलेन्स' हा शब्द बाजूला ठेवा, फार ढोबळ आहे तो. आपल्याकडे शांतता वेगळी, मौन वेगळं, अबोला वेगळा, मुकेपण वेगळं आणि कुणीतरी तोंड दाबून धरलेलं असणं त्याहून वेगळं. प्रत्येक पुस्तक यातल्या कुठल्या खणात बसतं हे बैठकीच्या सुरुवातीलाच ठरवून टाका, भले भांडण होऊ दे. नाहीतर तिसऱ्या बैठकीपर्यंत 'आधुनिक माणसाचं एकाकीपण' या एका वाक्यावर गाडी येऊन थांबते आणि सगळी पुस्तकं सारखीच वाटायला लागतात.

पहिली बैठक मेल्व्हिलच्या 'बार्टलबी'ला द्या. १८५३ची, म्हणजे 'आधुनिक' म्हणायला तशी जुनी. पण पुढचे सगळे गप्प लोक याच्याच घराण्यातले. पन्नासेक पानांची दीर्घकथा आहे. वॉल स्ट्रीटवर वकिलाचं ऑफिस. एका खिडकीतून उजेडासाठी ठेवलेल्या चौकाची पांढरी भिंत दिसते, दुसरीतून दहा फुटांवरची काळवंडलेली विटांची. बार्टलबी नकलनवीस म्हणून लागतो. तिसऱ्या दिवशी एक नक्कल ताडून बघायला बोलावल्यावर शांतपणे सांगतो, 'आय वुड प्रिफर नॉट टू.' मग तेच वाक्य, जवळजवळ प्रत्येक कामाला.

इथे गट हमखास घसरतो तो बार्टलबीला नेमका कुठला आजार होता यावर. दोन तास त्यातच जातात. लक्ष वकिलावर ठेवा, कथा तो सांगतोय. नोकराला काढायच्या ऐवजी तो स्वतःच ऑफिस दुसरीकडे हलवतो, ही जागा नीट बघा. आणि 'प्रिफर' शब्दाचा संसर्ग बघा. थोड्या दिवसांत बाकीचे कारकून तो शब्द नकळत वापरायला लागतात, वकीलही वापरतो. पेन्सिलने प्रत्येक 'प्रिफर'भोवती गोल करा आणि तो कुणाच्या तोंडी आहे ते समासात लिहा. एवढं केलं की चर्चा आपोआप चालते.

दुसऱ्या बैठकीला दोन छोट्या कथा: चीव्हरची 'द स्विमर' (१९६४) आणि हेमिंग्वेची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' (१९२७). दोन्ही मिळून वीस पानांच्या आत. पानं कमी आहेत म्हणून एकदाच वाचून येऊ नका. दोनदा वाचायच्या कथा आहेत या.

'द स्विमर'साठी कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे पोहण्याचा तलाव कुणाचा, उजवीकडे ऋतूची किंवा पैशाची खूण. भर उन्हाळ्यातला रविवार. नेडी मेरिल ठरवतो की आठ मैलांवरच्या आपल्या घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तलावांतून पोहत जायचं. त्या तलावांच्या माळेला तो बायकोचं नाव देतो, ल्युसिंडा नदी. लेव्हींच्या आवारात पाऊस गाठतो. थांबल्यावर बघतो तर मेपलची लाल-पिवळी पानं गवतावर पडलेली. भर उन्हाळ्यात? झाडाला कीड लागली असणार, असं तो स्वतःला समजावतो. वेल्चरांचा तलाव कोरडा, घरावर विक्रीची पाटी. हॅलोरनबाई म्हणतात, तुमच्यावर आलेल्या संकटांचं ऐकून फार वाईट वाटलं. हा विचारतो, कुठली संकटं? तिथून निघताना चड्डी सैल झालेली असते. बिस्वँगरांच्या पार्टीत पाच हजार डॉलर उसने मागायला आलेल्या कुणाचा तरी किस्सा त्याच्या पाठीमागे चालू असतो.

आणि शेवटाकडे आकाशात देवयानी, वृषपर्वा, शर्मिष्ठा. आश्विन-कार्तिकातल्या संध्याकाळी दिसणारी ही नक्षत्रं. उन्हाळ्यातली कुठे गेली? आकाश ओळखणाऱ्याला त्या तीन नावांतच कळतं की एका दुपारीत कित्येक महिने, कदाचित वर्षं, गिळली गेलीत. इंग्रजी नावांवरून डोळा पुढे सरकतो, म्हणून मराठी नावं मुद्दाम दिली.

बाकीचा क्रम असा लावेन: तिसरी रेमंड कार्व्हरच्या कथांना, चौथी पिंचनची 'द क्राइंग ऑफ लॉट ४९', पाचवी-सहावी फॉकनर, सातवी-आठवी गॅडिसच्या 'जे आर'मधले निवडक भाग. फॉकनरबद्दल 'टाचण' यांनी सांगावं, त्यांनी ती कादंबरी पार उसवून ठेवली आहे.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: नको. 'कॅचर' १९५१, 'कोसला' १९६३, दोन्हींत शिकायला घराबाहेर पडलेला आणि कशातच न रमणारा पोरगा. एवढं साम्य पाच मिनिटांत सांगून होतं, उरलेले जवळजवळ दोन तास कुणी कुणाचं उचललं यावर जातात.

---

टाचण :

पेन्सिलवाले, आभार. फॉकनरकडे वळतो.

चार भाग, चार तारखा. पहिला ७ एप्रिल १९२८, बेंजी. दुसरा २ जून १९१०, क्वेंटिन. तिसरा ६ एप्रिल १९२८, जेसन. चौथा ८ एप्रिल १९२८, त्रयस्थ निवेदन. १९२८चे तीन दिवस म्हणजे गुड फ्रायडे, शनिवार आणि ईस्टरचा रविवार, तेही उलटसुलट लावलेले. ही चार ओळींची चिठ्ठी पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवून ठेवा.

बेंजी त्या दिवशी तेहतीस वर्षांचा झालाय. त्याला बोलता येत नाही आणि त्याच्यासाठी 'आधी' आणि 'नंतर' नाहीत. वास, स्पर्श किंवा एखादा शब्द आला की तो थेट पंचवीस वर्षं मागे असतो. काळ बदलला की तिरका ठसा येतो, पण दर वेळी नाही. नुसत्या तिरक्या ठशावर भिस्त ठेवणारे पंधराव्या पानावर हरवतात.

भरवशाची खूण दुसरी आहे: बेंजीबरोबर कोण आहे ते बघा. व्हर्श असेल तर बालपण. टी.पी. असेल तर मधला काळ, म्हणजे बहिणीचं लग्न आणि त्याच्या पुढेमागे. लस्टर असेल तर १९२८. समासात 'व', 'टी', 'ल' एवढंच लिहीत जा. साठ-सत्तर टक्के गुंता तिथेच सुटतो.

नावांचे सापळे तीन. क्वेंटिन दोन आहेत: एक भाऊ आणि एक त्याच्या बहिणीची मुलगी. क्वेंटिनसाठी 'शी' आलं की ती भाची. जेसनही दोन, बाप आणि मुलगा. आणि बेंजीचं मूळ नाव मॉरी, मामाचं. पोरगा अधू आहे हे लक्षात आल्यावर आईने ते बदलायला लावलं. म्हणजे 'मॉरी' हे नाव दिसलं की एकतर मामा, नाहीतर बेंजीचं अगदी लहानपण.

आता पहिलंच पान. कुंपणापलीकडे माणसं काठीने काहीतरी मारताहेत, मग पुढे चालताहेत. बेंजीला 'गोल्फ' हा शब्द माहीत नाही, म्हणून पानावरही तो नाही. खेळणारा हाक मारतो, 'हिअर, कॅडी.' आणि बेंजी विव्हळायला लागतो. का? गोल्फमध्ये काठ्यांची पिशवी उचलणाऱ्या पोऱ्याला कॅडी म्हणतात, आणि बेंजीच्या बहिणीचं नावही कॅडी. ती घरातून गेलीय, कायमची. हे मैदान म्हणजे एकेकाळचं बेंजीचं कुरण. एका भावाच्या हार्वर्डच्या फीसाठी ते विकलं गेलं. संबंध कादंबरी त्या एका हाकेत आहे, पण गोल्फ न बघितलेल्या वाचकाला ती हाक ऐकूच येत नाही. बैठकीत हे सुरुवातीलाच सांगून टाका, याने रस कमी होत नाही.

आणखी एक बारकावा. बेंजीच्या भागात कुणी प्रश्न विचारला तरी पुढे पूर्णविराम येतो. प्रश्न आणि विधान यांतला फरक त्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. मोठ्याने वाचताना आवाज वर नेऊ नका, सपाट ठेवा. पहिली वीस पानं बैठकीतच आळीपाळीने वाचा, घरी नेऊच नका. गळती होते ती याच वीस पानांत, एकेकट्याने वाचताना.

शेवटचा भाग आधी वाचून घ्या असा सल्ला बरेच जण देतात. मी देणार नाही. चौथ्या भागात बेंजी बाहेरून दिसतो: अवजड शरीर, रडण्याचा आवाज. आधी त्याच्या आत राहून मग त्याला बाहेरून बघितलं की धक्का बसतो, उलट केलं तर तो जातो. तसंच काही आवृत्त्यांत फॉकनरने नंतर लिहिलेली, १९४६ साली छापलेली पुरवणी असते, कधी पुढे तर कधी मागे. ती शेवटी वाचा. तिच्यातले तपशील मूळ कादंबरीशी सगळीकडे जुळत नाहीत, आधी वाचली तर उगाच दोन हिशेब सांभाळावे लागतात.

तुमच्या विषयाशी थेट नातं असलेली गोष्ट कुठली, तर कॅडीला स्वतःचा भाग नाही. तिन्ही भाऊ तिच्याबद्दलच बोलतात, ती मात्र कधी स्वतःहून सांगत नाही. पेन्सिलवाल्यांच्या खणांत हे कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा.

अवांतर: बेंजीच्या भागातले काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापावेत अशी फॉकनरची इच्छा होती. ते २०१२ साली लंडनच्या फोलिओ सोसायटीने केलं, चौदा रंगांत. बघायला देखणं, पण पहिल्या वाचनाला घेऊ नये. रंग सगळं सांगून टाकतात.

---

उंबरठा :

दोघांचे प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवले. पण काका, यादीत सगळे गोरे पुरुष! आणि त्यातले निम्मे गप्प बसणं परवडतं म्हणून गप्प आहेत.

सातवी-आठवी बैठक गॅडिसकडून काढून टोनी मॉरिसनच्या 'बिलव्हेड'ला (१९८७) द्या. सव्वातीनशेच्या आसपास पानं, दोन बैठकांत बसतात. मार्गारेट गार्नर नावाची गुलाम बाई १८५६ साली केंटकीतून पळून ओहायोत आली. पकडायला माणसं आल्यावर तिने आपल्या मुलीला स्वतःच्या हाताने मारलं. ही घडलेली गोष्ट. मॉरिसन तिथून निघते आणि १८७३ सालच्या सिनसिनाटीतल्या एका घरात येऊन थांबते. घराचा नंबर १२४.

कादंबरीचे तीन भाग आहेत, आणि तिन्हींचं पहिलं वाक्य याच नंबराने सुरू होतं. पहिल्यात १२४ डूख धरून आहे, दुसऱ्यात १२४ गोंगाट करतंय, तिसऱ्यात १२४ शांत आहे. तिसऱ्या भागातली शांतता सुटकेची म्हणावी की दमछाकीची, यावर एक अख्खी बैठक निघेल.

'तोंड दाबून धरलेलं' म्हणालात ना, इथे ते शब्दशः आहे. पॉल डी या एकेकाळच्या गुलामाच्या तोंडात लोखंडी लगाम घातला होता, घोड्याला घालतात तसा. त्या अवस्थेत त्याला एक कोंबडा दिसतो, 'मिस्टर' नावाचा, टबावर ऐटीत बसलेला. अंड्यातून नीट बाहेर पडता येत नव्हतं म्हणून पॉल डीनेच त्याला सोडवलेलं. कोंबड्याला नाव आहे, मोकळीक आहे, आणि याला जीभ हलवता येत नाही. हे तो कितीतरी वर्षांनी, तेही अर्धवट सांगतो. उरलेलं छातीतल्या तंबाखूच्या डबीत बंद करून ठेवतो, तिचं झाकण गंजलेलं. ही दोन-तीन पानं मोठ्याने वाचा. त्यानंतर चीव्हरच्या पोहण्याच्या तलावांबद्दल काय वाटतं ते बघा.

अडतं कुठे: दुसऱ्या भागाच्या मध्यावर चार छोटी प्रकरणं येतात, तीन बायकांचे आवाज सुटे आणि मग एकमेकांत मिसळलेले. त्यातल्या बिलव्हेड या पात्राच्या प्रकरणात विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच, नुसत्या मोकळ्या जागा. कोण बोलतंय ते शोधत बसू नका, गुलामांच्या जहाजाच्या तळघरात कोंबलेली माणसं डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

सवड उरली तर कार्सन मॅककलर्सची 'द हार्ट इज अ लोनली हंटर' (१९४०) वैयक्तिक वाचनाला घ्या. ती आली तेव्हा बाई तेवीस वर्षांच्या होत्या. जॉन सिंगर मूक-बधिर. गावातले चौघे त्याच्याकडे येऊन मन मोकळं करतात, प्रत्येकाला वाटतं याला आपलं सगळं समजतं. सिंगर स्वतः हातांच्या खुणांनी ज्या एकाशी बोलतो त्या अँटोनापोलसला कशातच रस नसतो, खाणं सोडून. कोण कुणाशी बोलतं याचे बाण काढा. एकही बाण उलट येत नाही.

---

पेन्सिलवाला :

उंबरठाताई, 'बिलव्हेड'ला अनुमोदन, बदल मान्य. 'जे आर' तसंही गटाला जड जातं. पण 'घडी विस्कटणं' हा तुमच्या विषयाचा पहिला शब्द आहे, आणि तो खण पिंचन-गॅडिसशिवाय रिकामा राहतो. म्हणून थोडं लिहितो.

एन्ट्रॉपी हा शब्द क्लॉसियसने १८६५ साली घडवला, उष्णतेच्या शास्त्रासाठी. बंद डब्यातली उष्णता सगळीकडे सारखी झाली की तिच्याकडून काम करून घेता येत नाही. उर्जा असते, पण उपयोगाची नसते. मराठीत 'अव्यवस्था' म्हटलं की पसारा डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे अर्धाच अर्थ पोचतो. दुसरा अर्धा 'सगळं एकसारखं, कोमट होणं' हा आहे. अमेरिकन लेखकांनी उचलला तो मुख्यतः हा दुसरा. १९४८ साली शॅननने तोच शब्द संदेशांच्या गणिताला लावला आणि मग गोंधळात भर पडली. दोन्ही अर्थ 'लॉट ४९'मध्ये आहेत. नेफास्टिस नावाचा विक्षिप्त इसम ते समजावून सांगतो तेव्हा नायिकेला, ईडिपाला, नीट कळत नाही. तुम्हालाही नाही कळलं तर काही बिघडत नाही, पुढे चला.

पिंचनची 'एन्ट्रॉपी' ही कथा (१९६०) आधी वाचून घ्या, वीसेक पानं. वॉशिंग्टन, फेब्रुवारी १९५७. खालच्या मजल्यावर जवळजवळ चाळीस तास चाललेली पार्टी, वर कॅलिस्टोचं काचबंद, झाडापाखरांचं घर. बाहेरचं तापमान तीन दिवस ३७ अंश फॅरनहाइटला अडकलंय, म्हणजे पावणेतीन सेल्सिअस. कॅलिस्टो आजारी पाखराला छातीशी धरून ऊब द्यायला बघतो. ऊब त्याच्यात जात नाही, पाखरू मरतं. शेवटी त्याची सोबतीण ओबाद हाताने खिडकीची काच फोडते. खालच्या मजल्यावर मात्र यजमान एकेक भानगड निस्तरत सुटलेला असतो, घामाघूम होऊन. वरचा विचार करतो आणि खालचा आवरतो. ही विभागणी फार नीटनेटकी झाली आहे, आणि पुढे 'स्लो लर्नर' (१९८४) या संग्रहाच्या प्रस्तावनेत पिंचनने स्वतःच या कथेचे कान उपटले: आधी कल्पना ठरवून मग पात्रांना तीत कोंबायचं, ही नवख्याची चूक. कथा आणि प्रस्तावना एकत्र वाचायला मजा येते.

'लॉट ४९'मध्ये जागोजागी दिसणारं चिन्ह म्हणजे पोस्टाचा कर्णा, त्याच्या तोंडात बूच. मुका केलेला कर्णा. गुप्त टपालव्यवस्थेचं चिन्ह ते. शेवटी लिलाव पुकारला जाणार एवढ्यात कादंबरी संपते. पान फाटलंय का, असं कुणीतरी विचारतंच. नाही फाटलेलं.

'जे आर' (१९७५) एकट्याने करायचं असेल त्यांच्यासाठी: मूळ आवृत्ती ७२६ पानांची, प्रकरणं नाहीत, जवळजवळ सगळा संवाद, आणि कोण बोलतंय ते सांगायची पद्धत नाही. बोलण्याच्या सुरुवातीला नुसती आडवी रेघ. अकरा वर्षांचा पोरगा शाळेतल्या सार्वजनिक फोनवरून, आवाज ओळखू येऊ नये म्हणून बोळा केलेल्या रुमालातून बोलत, धंद्याचं साम्राज्य उभं करतो. एका सौद्यात नौदलाचे उरलेसुरले काटे घेऊन सैन्याला विकतो. गोंगाट एवढा की कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. न्यूयॉर्कच्या ९६व्या रस्त्यावरच्या घरात गरम पाण्याचा नळ बंद होत नाही आणि खोक्यांच्या ढिगाखाली कुठेतरी रेडिओ चालूच आहे, तो कुणाला सापडत नाही.

युक्ती एकच: मोठ्याने वाचा. प्रत्येक पात्राची बोलायची लकब ठरलेली आहे आणि ती डोळ्यांपेक्षा कानाला लवकर ओळखू येते. पोरगा 'होली' म्हणून सुरुवात करतो आणि वाक्य अर्धवट टाकतो, दोन म्हाताऱ्या आत्यांची बोलणी एकमेकींच्या अंगावरून वाहतात. प्रसंग वाक्याच्या मधेच बदलतो, बहुतेक वेळा फोनच्या तारेवरून किंवा गाडीतून जाताना. पहिली शंभर पानं कळलं-नकळलं न बघता जाऊ द्या. जाळ्यावर (इंटरनेटवर) गॅडिसच्या टिपा आणि प्रसंगांचा आराखडा फुकट आहे. तो वाचून झालेल्या भागासाठी उघडा, पुढचा बघू नका.

डिलिलोची 'व्हाइट नॉइझ' एका ओळीत: जानेवारी १९८५ला आली, विषारी वायूचा ढग आणि गाव रिकामं करणं हा तिचा मधला भाग. भोपाळ डिसेंबर १९८४चं, म्हणजे पुस्तक तेव्हा छापून झालं असणार. निव्वळ योगायोग, पण आपल्याला ती कादंबरी विनोदी म्हणून वाचता येत नाही ती यामुळेच. आहे मात्र ती विनोदी.

---

निमशहरी :

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, धन्यवाद! कार्व्हर राहिलाय. संग्रहांच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतात, कुठली घ्यायची? आणि मराठी करण्याबद्दल कुणीच बोललं नाही.

---

दुपारचा_चहा :

कार्व्हर: एकच कथा दोन रूपांत घ्या. १९८१च्या 'व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह' संग्रहातली 'द बाथ', आणि १९८३च्या 'कथीड्रल'मधली 'अ स्मॉल, गुड थिंग'. मुलाच्या वाढदिवसाचा केक सांगितलेला. वाढदिवशीच त्याला गाडीची धडक. इस्पितळात तो बेशुद्ध. आणि केक न्यायला कुणी आलं नाही म्हणून बेकरीवाला घरी फोन करत राहतो. 'द बाथ' फोनच्या मधेच थांबते, मुलाचं काय झालं ते कळत नाही. लांब कथेत कळतं, आणि आईबाप बेकरीत जाऊन पोचतात, तिथे तो माणूस त्यांना गरम पाव खायला घालतो.

आधी आखूड, मग लांब, याच क्रमाने. उलट केलं की आखूड कथा नुसती कापलेली वाटते. कापलेली ती आहेच: संपादक गॉर्डन लिशने मूळ कथेचा तीन-चतुर्थांशाहून जास्त मजकूर उडवला. ८ जुलै १९८०ला कार्व्हरने त्याला पत्र लिहून पुस्तक थांबवायची विनवणी केली होती; पुस्तक आलं. लिशपूर्वीचे खर्डे 'बिगिनर्स' नावाने २००९ साली निघाले. 'कथीड्रल'मधली कथा त्या खर्ड्याशी तंतोतंत जुळत नाही, कार्व्हरने परत हात फिरवला आहे. चर्चेला खरा मुद्दा असा: ज्या अबोल्यासाठी कार्व्हर गाजला तो निम्मा दुसऱ्याच्या कात्रीचा होता. मग तो कुणाचा मानायचा?

त्याच बैठकीला झुम्पा लाहिरीची 'अ टेम्पररी मॅटर' जोडा. बोस्टनमधलं बंगाली जोडपं, मूल जन्मतःच गेलेलं, तेव्हापासून घरात अबोला. पाच दिवस रात्री आठला तासभर वीज जाणार अशी कंपनीची सूचना येते आणि अंधारात दोघं बोलायला लागतात. इथे बोलणं अबोल्यापेक्षा जास्त घाव घालतं.

आता मराठी. हेमिंग्वेचीच 'हिल्स' घ्या, पाच पानांची आहे, पण एक खड्डा आहे तो आधीच बघून ठेवा. स्पेनमधलं स्टेशन, बार्सिलोनाहून येणारी गाडी चाळीस मिनिटांत येणार, एक अमेरिकन पुरुष आणि एक मुलगी बिअर पीत बोलताहेत. तो तिला गर्भपाताला राजी करतोय, आणि तो शब्द कथेत कुठेही नाही. 'ऑपरेशन' आहे आणि बाकी सगळं 'इट'वर निभावलंय. बरीच वाक्यं कुणाची ते सांगितलेलं नाही, वाचक मोजत बसतो.

मराठीत 'मी' म्हटलं की लगेच करतो किंवा करते म्हणावं लागतं. झालं, बोलणारा कळला. इंग्रजीत जे अंधारात होतं त्यावर क्रियापदाने दिवा लावला. उपाय दोन. एकतर भूतकाळी सकर्मक वाक्यं आणि 'मला वाटतं', 'मला नको' अशी लिंग न दाखवणारी रचना जिथे सहज बसेल तिथे वापरा. नाहीतर मान्य करा की मराठीत ही कथा थोडी जास्त उजेडात घडणार. मोठ्याने वाचणार असाल तर दुसराच मार्ग बरा, पहिल्याने संवाद ताठरतो.

'इट'साठी सगळीकडे 'ते' चालतं, उलट जास्तच चालतं. आपल्याकडे नाव न घेता 'ते करून घेतलं' असंच म्हणतात लोक. शेवटी मुलगी सात वेळा 'प्लीज' म्हणून त्याला बोलणं थांबवायला सांगते. सातही ठेवा, आणि 'प्लीज'च ठेवा. 'कृपा करून' तिसऱ्यांदा म्हटलं की हसू येतं.

कायदा: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं हक्क राहतो. हेमिंग्वे १९६१ला गेला, म्हणजे त्याच्या हयातीत छापलेलं सगळं १ जानेवारी २०२२पासून भारतात मोकळं. फॉकनर १९६२, तेव्हा २०२३पासून. मेल्व्हिलचा प्रश्नच नाही. चीव्हर १९८२, कार्व्हर १९८८, यांचं भाषांतर जाळ्यावर टाकू नका. मात्र मोकळं झालं ते मूळ लेखन. कुणी केलेलं मराठी भाषांतर वेगळं, त्याचा हक्क वेगळा.

---

टाचण :

चहा, क्रियापदाचा मुद्दा एक नंबर. 'जे आर' मराठीत का जमणार नाही तेही यातच आलं.

पण 'बार्टलबी'चं ते वाक्य कसं कराल? 'मी ते न करणं पसंत करेन' हे सरकारी परिपत्रक वाटतं.

---

दुपारचा_चहा :

वाटू दे की! इंग्रजीतही ते वाक्य बेतशुद्ध, जरा आखडूच आहे. ऑफिसात कुणी तसं बोलत नाही, म्हणून तर सगळे दचकतात. 'नाही केलं तर बरं' कानाला गोड आहे, पण त्यात विनवणी येते, आणि बार्टलबी विनवत नाही. 'माझी इच्छा नाही' म्हटलं तर सरळ नकार होतो, तोही तो देत नाही. शिवाय शब्द असा हवा की पुढे कारकुनांच्या आणि वकिलाच्या तोंडी नकळत शिरू शकेल. 'बरं' आधीच सगळ्यांच्या तोंडी असतं, त्याचा संसर्ग दिसणार कसा? 'पसंत' दिसतो. मी 'न करणं पसंत करेन' असंच ठेवेन, कुठे नुसतं 'न करणं पसंत'. पहिल्या दोनदा श्रोते हसतील. चौथ्यांदा हसतात का ते बघा.

---

निमशहरी :

ठरलं. १ बार्टलबी, २ चीव्हर-हेमिंग्वे, ३ कार्व्हर-लाहिरी, ४ पिंचन, ५-६ फॉकनर, ७-८ मॉरिसन. फॉकनरची वीस पानं बैठकीतच. 'हिल्स'चा मराठी खर्डा झाला की पहिलं पान इथेच टाकतो, क्रियापदं तपासून द्या.